तळं फोडायच्या आधी

अ‍ॅचिसन फार्म, तळ्याची वरची बाजू
३ जून १९५६

प्रिय वहिनी,

गुडघा कसा आहे ते आधी कळवा. टेलिफोन केला असता, पण आपल्या लाईनवर कान लावून बसणाऱ्या बायका तुम्हाला ठाऊकच आहेत. परवा मी गुरांच्या डॉक्टरला गाईच्या सडाबद्दल विचारलं, तर रविवारी चर्चच्या दारात तिघींनी मला मलमं सुचवली. त्यापेक्षा पत्र बरं. गंमत म्हणजे, समोर तळ्यापलीकडे तुमच्या खोपट्याचा दिवा मला स्वयंपाकघरातून दिसतो, आणि पत्र मात्र पोस्टाच्या गाडीत बसून अख्ख्या तळ्याला वळसा घालत तुमच्याकडे येतं.

काम असं आहे. काउंटीला यंदा पंचाहत्तर वर्षं होतात म्हणून आमचं महिला मंडळ एक पुस्तक काढतंय. जुन्या हकिकती, रोजचं जगणं, असं सगळं. वरच्या बाजूच्या शेतकऱ्यांबद्दल ढीगभर कागद जमलेत, पण तुमच्या दांड्यावरच्या जाळीवाल्यांबद्दल एक ओळही नाही. पुस्तकाचं सगळं बघणाऱ्या मिसेस लॅमॉन्टना मी म्हटलं, आमच्या वहिनी चाळीस वर्षांहून जास्त तिथेच राहिल्यात, त्या लिहितील. त्या म्हणाल्या, जरूर, मात्र आठवणी सुखद असाव्यात.

लिहाल ना? शब्दांची काळजी करू नका, मी नीट करून घेईन.

जून लागला, हिवाळा आला, आणि इकडे पाणी खालच्या कुरणात शिरायला लागलंय. तळं कुठवर चढलं की फोडायचं, ती खांबावरची खूण गॉर्डन रोज सकाळी बघून येतो आणि मला, बायकोलाही काही न सांगता नाश्ता करतो. क्लेमला माझे आशीर्वाद.

तुमची नणंद,
विनी

* * *

दांडा
९ जून

विनी,

गुडघा जिथे होता तिथेच आहे. मी शाळेत दोन-तीन हिवाळे गेले, तेही शाळेत शेगडी होती म्हणून. तेव्हा नीट काय करायचं ते कर, पण मी लिहिलेलं उलटं करू नकोस.

तुझ्या मिसेस लॅमॉन्टना सुखद आठवणी हव्यात. घ्या. मी लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या दादाने मला घर दाखवलं. घर म्हणजे रॉकेलचे डबे उलगडून ठोकलेली एक खोली, आणि त्या खोलीत तुझी आई. तू गुडघ्याएवढी होतीस आणि पहिल्याच दिवशी माझ्या पेटीतली रिबन चोरलीस. हे घाल पुस्तकात.

खायला काय होतं? मासे, त्यातही वाम जास्त. वसंतात काळ्या हंसांची अंडी, एका अंड्यात एक केक व्हायचा. दलदलीत कमरेएवढं जाऊन आणायची, आणि हंस काही हसत हसत देत नाही.

तळं फोडायचं म्हणजे तेव्हा यंत्र नव्हतं. हिवाळ्यात पाणी चढलं की वरचे शेतकरी आणि खालचे आम्ही, सगळे फावडी घेऊन दांड्यावर. दांडा म्हणजे नुसता गोट्यांचा ढीग, एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला समुद्र. मधून चर खणायचा. वर्षातून त्या एकाच वेळी शेतकरी आमच्या हातचा चहा प्यायचे. भांडण ठरलेलं. शेतकऱ्याला तळं उतरलेलं हवं, गवत मोकळं होतं म्हणून. आम्हाला चढलेलं हवं, मासा वाढतो म्हणून. अजून दोन दिवस थांबू, नाही आजच फोडू, असं करता करता पाणीच वाट काढायचं आणि सगळे आपापली फावडी घेऊन पळायचे. तळं कधी फोडायचं ते ठरवतं शेतकऱ्यांचं बोर्ड, आणि त्याने आमचं कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. हेही घाल.

आणि वाऱ्याचं लिही. वायव्येचा वारा तीन-चार दिवस लागला की तळं बशीतल्या चहासारखं कलतं. सगळं पाणी आमच्या दारात येतं आणि तुमच्या बाजूचा चिखल उघडा पडतो. मग तिथली जाळी उचलायला होडी लागत नाही, चालत जायचं. बाहेरचा माणूस होडी नेईल, रुतेल आणि देवाला बोल लावेल. आमची पोरं चालत जातात, आणि वारा पडायच्या आत परत येतात.

क्लेम मागून वाकून वाचतोय. म्हणतो, "आजी, माझ्याबद्दल लिही ना. देखणा आहे म्हणून."

मी म्हटलं, "हे इतिहासाचं पुस्तक आहे, गोष्टींचं नाही."

"मग असं लिही, की हा नातू आजीच्या हातचं खाऊन एवढा वाढला. त्याहून मोठा इतिहास काउंटीत घडलेला नाही."

बावीस वर्षांचा घोडा झालाय, पण बोलणं बघ. त्याची जाळी तुमच्या कुरणाखाली लागलीत. वारा असाच राहिला तर शुक्रवारी ट्रक घेऊन उचलायला येईल. दुपारी जेवू घाल, पण पुडिंग दोनदा वाढू नकोस, मग त्याला चालवत नाही.

थर्झा

* * *

अ‍ॅचिसन फार्म
१९ जून

वहिनी,

काय लिहावं समजत नाही. टेलिफोनवर मी "क्लेम परत आला नाही" एवढंच बोलू शकले आणि लाईनवर कुणीतरी रडायला लागलं. ती मी नव्हते, आणि तुम्हीही नव्हतात.

तुम्हाला सगळं कळायला हवं म्हणून लिहिते. तो दुपारी जेवला. मला म्हणाला, "आत्याआजी, आजीने पुडिंग एकदाच सांगितलंय, पण ती तळ्यापलीकडे आहे." मी दुसऱ्यांदा वाढलं. मग तो खाली गेला. चिखल दूरवर उघडा पडला होता, इतका की जाळ्यांचे खुंट काडीएवढे दिसत होते. गॉर्डन कुंपणाशी होता. त्याला दक्षिणेकडे आभाळ काळं झालेलं दिसलं. तो ओरडला, "क्लेम, वारा फिरतोय रे! राहू दे जाळी, ये!" क्लेमने हात वर केला. ऐकू आलं म्हणून केला की नुसती ओळख दिली, कोण जाणे. शेवटचे खुंट राहिले होते.

मग वारा एकदम पडला आणि दक्षिणेचा सुरू झाला. पाणी लाट होऊन आलं नाही, वहिनी. कुणी चादर ओढून घ्यावी तसं आलं, आवाज न करता. गॉर्डनने घोडा आत घातला, छातीएवढ्या पाण्यापर्यंत गेला, पुढे घोडा जाईना. गॉर्डन उतरून पुढे गेला. त्याला शेजाऱ्यांनी दोराने मागे ओढलं.

जाळी सापडली. टोपी सापडली. रोज सगळे काठाने फिरताहेत. ट्रक तसाच उभा आहे, गॉर्डन त्याला हात लावू देत नाही.

पाणी खुणेच्या वर गेलंय, पण बोर्डाने तळं फोडणं पुढे ढकललंय. गॉर्डननेच तसं मांडलं.

तुम्ही इकडे येऊन राहा. मी न्यायला येते.

विनी

* * *

दांडा
२६ जून

विनी,

पुडिंगचं लिहिलंस ते बरं केलंस. बाकीच्यांनी फक्त देवाचं लिहिलं.

मी कुठेही येत नाही. इथून तळं दिसतं.

पाद्रीबाबा आले होते. तीन केक घेऊन आलेल्या बायकांच्या मागे लपून बसले आणि शेवटी म्हणाले, "मिसेस पॅस्को, खरं म्हणजे देहाला फारसा अर्थ नसतो."

मी म्हटलं, "तुमचा तुमच्याजवळ आहे म्हणून म्हणता."

त्यांना प्रार्थनासभा घ्यायचीय. घ्या म्हटलं, पण मी येणार नाही. रिकाम्या खड्ड्यापाशी मी एकदा गायलेय, त्याच्या बापाच्या वेळी. तो लढाईत गेला, क्रीट बेटावर पुरलाय म्हणतात. सरकारने फोटो पाठवला, त्यात क्रूसांची रांग आणि एका क्रूसावर पेनाने फुली. फुली मारणाऱ्याने रांग नीट मोजली होती का, हे मी कुणाला विचारू? आता पुन्हा नाही. क्लेम सापडेल, त्याच्या आजोबाशेजारी पुरेन, मग काय गायचं ते गा.

म्हणून एकच मागते. तळं फोडू देऊ नका.

तू इथलीच, तुला सांगायला नको, पण गॉर्डन शेतकरी आहे, त्याला वाचून दाखव. थंड पाण्यात माणूस लवकर वर येत नाही. पाण्याला जरा ऊब येऊ दे, ऊन लागू दे, मग वर येईल आणि कुठल्यातरी काठाला लागेल. पण एकदा दांडा फोडला, की अख्खं तळं त्या एका तोंडाकडे ओढलं जातं. त्या तोंडातून ओंडके, मेंढरं, बांधलेल्या होड्या गेलेल्या मी पाहिल्यात. आमच्यातला नेड ट्रेझाइस असाच त्या तोंडातून गेला. त्याची बायको पुढे समुद्राकडे तोंड करून बसायची. समुद्राकडे काय बघायचं? तो कुठे एका जागी असतो?

म्हातारा हेमी आला होता, पलीकडच्या माओरी वस्तीतला. पाण्याच्या कडेला खांब रोवला, वर काळं फडकं बांधलं. त्यांची राहुई, म्हणजे बंदीची खूण. तळ्यात माणूस आहे तोवर तळ्यातलं कुणी खायचं नाही, कुणी विकायचं नाही. तळाशी पडलेल्या कशावर वाम वाढते ते सगळ्यांना माहीत आहे, बोलायची गरज नसते. नियम त्यांचा असला तरी इथे गोरेही पाळतात, पहिल्यापासून. दांड्यावरच्या सिड ओटवेने सगळ्यांच्या आधी आपली जाळी काढली आणि वळचणीला टांगली. आता सगळ्यांची टांगलेली आहेत. खांब दोनच कारणांनी निघतो. माणूस सापडला तर, नाहीतर तळं समुद्राला जाऊन धुतलं गेलं तर.

पुस्तकाचं आता विचारू नकोस.

थर्झा

* * *

अ‍ॅचिसन फार्म
५ जुलै

प्रिय वहिनी,

गॉर्डनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तिला सांग, माझ्याकडून होईल तितकं धरून ठेवतो." एवढंच म्हणाला, पण तुम्हाला तो माहीत आहे.

खोटं लिहीत नाही, इकडे सोपं नाही. गाई दिवसभर पाण्यात उभ्या असतात, खुरं कुजायला लागलीत. खालच्या बाजूच्या तिघा शेतकऱ्यांचं गवत संपलं. पण कुणी तोंड उघडून मागणी करत नाही, तुमच्यासाठी. १८ तारखेला बोर्डाची बैठक आहे. तिथेही कुणी काढेल असं मला वाटत नाही.

मी रोज काठाने जाऊन येते. लव्हाळ्याच्या बेटांत काठी घालून बघते. तुम्हाला हे सांगावं की नाही ठरत नव्हतं.

विनी

* * *

दांडा
१३ जुलै

विनी,

सांगितलंस ते बरं. मीही तेच करते, आणि गुडघ्याला काय वाटतं ते त्याला विचारत नाही.

शहरातून पोलीस पाठवले होते, गळ आणि दोर घेऊन. त्यातला एक कोवळा होता, होडीत उभा राहिला आणि गडबडला. मी काठावरून म्हटलं, "बस रे बाबा खाली, एकाचाच शोध चाललाय तेवढा पुरे." तो हसला आणि मग आपण कुणासमोर हसलो ते त्याच्या लक्षात आलं. बिचारा लाल झाला. गळाला काय लागलं? एक नांगर, एक चूल, आणि कुणाची तरी बाजाची पेटी. तिच्या भात्यातून अजून पाणी गळतंय.

खोपट्यांचं सांगते. जाळी टांगलेली, होड्या उलट्या. मांसाचा कारखाना हिवाळ्यात बंद, दुसरं काम नाही. पुरुष माणसं सकाळी उठून जिथे बसायची तिथेच बसतात आणि न फाटलेलं जाळं शिवतात. शहरातला मासळीवाला सिडला म्हणाला म्हणे, "तुमचं दुःख मला समजतं, पण माझी गिऱ्हाइकं वामच मागतात. या महिन्यात माल आला नाही तर मी दुसऱ्या तळ्याशी बोलणी करतो." एकदा तिकडे गेलेला मासळीवाला परत येत नाही.

सिडची बायको पर्ल मला बटाट्याचं सूप देऊन गेली. वाटी परत द्यायला गेले तर ते सगळे जेवत होते. तेच सूप. बटाटे माझ्या वाटीत होते, त्यांच्यात नव्हते.

कुणी मला काही म्हणत नाही. मी आले की सगळे हवापाण्याचं बोलायला लागतात. सिडची मोठी पोरगी, तिच्या तोंडाला कुलूप नाही, तिने मला विचारलं, "आजी, क्लेमदादा अजून किती दिवस तळ्यात राहणार?" पर्लने तिला असं ओढून घेतलं, की मलाच तिची दया आली. प्रश्न काही चूक नव्हता.

गॉर्डनला सांग, धरून ठेव. वसंत यायला फार राहिलं नाही.

थर्झा

* * *

अ‍ॅचिसन फार्म
१९ जुलै

वहिनी,

काल बैठक झाली. समुद्र शांत झाला की तळं फोडायचं ठरलं. यंत्र सोमवारी दांड्यावर येईल.

मी काय लिहू? क्षमा करा. गॉर्डन काल आल्यापासून गोठ्यातच आहे.

विनी

* * *

दांडा
२३ जुलै

विनी,

यंत्र आलं. माझ्या खिडकीसमोरच उभं करून ठेवलंय, पिवळं, घाण. लाटा मोठ्या आहेत म्हणून थांबलंय. देव करो आणि वर्षभर मोठ्या राहोत.

तुझ्या गॉर्डनरावांना माझा निरोप सांग. माणूस गोठ्यात का जाऊन बसतो ते मला कळतं, तिथे कुणी विचारत नाही. गाईची खुरं कुजतात म्हणून त्याने माझा नातू समुद्रात सोडायला हात वर केला. त्याच गाईच्या दुधाचं पुडिंग त्याने त्या पोराला खाऊ घातलं. धरून ठेवतो म्हणाला होता. काय धरलं? टोपी धरली. जमीन असलेल्या माणसाचा शब्द असाच असतो, कोरड्या पायाने दिला की पाणी चढल्यावर टिकत नाही. तुझ्या आईने तुझं लग्न त्याच्याशी ठरवलं तेव्हा मी म्हटलं होतं, हा कमी बोलतो ते शहाणा म्हणून नाही, त्याच्याकडे बोलायला काही नाही म्हणून.

त्याच्या कुरणात गवत येऊ दे, हिरवंगार. त्यातलं एक पातंही मला दिसायला नको.

हे पत्र त्याला वाचून दाखव. दाखवणार नाहीस. माहीत आहे.

थर्झा

* * *

अ‍ॅचिसन फार्म
२६ जुलै

वहिनी,

वाचून दाखवलं. पूर्ण. गॉर्डन म्हणाला, "बरोबर आहे तिचं," आणि बाहेर जायला निघाला. मी दार अडवलं. म्हटलं, आता मी गप्प बसणार नाही. तो म्हणाला, "विनी, नको. तिला मला शिव्या देऊ दे. तिला तिथेच राहायचंय." पण मला राहवत नाही, तुम्ही मला काहीही म्हणा.

गॉर्डनने हात वर केला नाही. विरोधात तो एकटाच होता. आणि त्या आधी, वहिनी, शेतकऱ्यांपैकी कुणी विषय काढलाच नव्हता. अध्यक्ष दुसऱ्या कामाकडे वळत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून सिड ओटवे उठला. म्हणाला, "दांड्यावरच्या सगळ्या खोपट्यांच्या वतीने बोलतो. आम्हाला तळं फुटलेलं हवंय. तळं धुतलं गेल्याशिवाय खांब निघत नाही, आणि खांब निघाल्याशिवाय आमची चूल पेटत नाही." गॉर्डन म्हणतो, सभागृहातले सगळे मागे वळले. अध्यक्षांनी विचारलं, "मिसेस पॅस्कोंना हे माहीत आहे?" सिड खाली बसला. मग मतं घेतली.

तुमच्या माणसांनीच मागितलं, हे तुम्हाला कसं सांगायचं? म्हणून आम्ही ठरवलं होतं, दोष आमच्याकडे राहू दे. मी तो शब्द मोडला.

मिसेस लॅमॉन्ट क्लेमबद्दल चार ओळी मागतात. मी काही कबूल केलं नाही.

तुमची,
विनी

* * *

दांडा
१४ ऑगस्ट

विनी,

उशीर झाला. लिहायला बसत होते आणि उठत होते.

सिडचं मला माहीत होतं. बैठकीच्या आदल्या दिवशी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला होता, टोपी हातात, आत येईना.

मी म्हटलं, "ये तरी आत, नाहीतर दार लाव. वारा काय विकत घेतलाय?"

"काकी, मी सहज आलो होतो."

"टोपी काढून सहज कुणी येत नाही. पोरं जेवली?"

तो गोट्यांकडे बघत राहिला.

मी म्हटलं, "उद्या बैठक आहे ना? जा आणि सांग, खोपट्यांना तळं फुटलेलं हवंय म्हणून."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा बाप्या. म्हणाला, "तुमचं नाव सांगू? तुम्ही हो म्हणालात म्हणून?"

"माझं नाव घेतलंस तर तंगडी मोडीन."

का, ते तुला सांगते. माझं नाव आलं असतं तर गॉर्डनला नाही म्हणायला तोंड राहिलं नसतं. कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं, विनी. मला म्हणता येत नव्हतं, ती वाटी परत देऊन आल्यापासून. मला वाटलं, बोर्ड आहे, शेतकरी आहेत, जन्मात कधी यांनी खोपट्यांचं ऐकलं नाही. सिड मागेल, ते नाकारतील, पोरांपुढे मी वाईट होणार नाही आणि क्लेम तळ्यात राहील. एवढा हिशोब मी केला होता. यंदाच ऐकलं त्यांनी.

मग तुझ्यावर ओरडले. कुणावर तरी ओरडायला लागतं. इथल्यांच्या दारावरून मला रोज जायचं असतं. तू तळ्यापलीकडची, तुला सोसतं. गॉर्डनने ऐकून घेतलं ते त्याने चांगलं केलं. शिव्या मी परत घेत नाही, कधी ना कधी तो काहीतरी करेलच, तेव्हा त्यात धर.

३० तारखेला सकाळी फोडलं. यंत्राने चर खणायला चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला, असं वाटलं. सिडने आणि सगळ्यांनी आपली जुनी जाळी एकाला एक बांधून चरावर आडवी ताणली होती, दोन्हीकडे माणसं दोर धरून. मी सांगितलं नव्हतं. पाणी सुटलं तसं जाळीत शेवाळ आलं, ओंडके आले, एक मेलेला हंस आला. माणसं ओरडत होती, "धरा! धरा!" दोन्हीकडचे गोटे त्यांच्या पायांखालून निघायला लागले. चर रस्त्याएवढा झाला, मग चर्चएवढा. जाळी तुटली. सिड शेवटपर्यंत दोर सोडत नव्हता, मीच ओरडले, "सोड, गाढवा! पर्लला काय सांगू मी?" तेव्हा सोडला.

पाणी दोन दिवस जात राहिलं. तळ उघडा पडला तेव्हा सगळे दोन्ही काठांनी चालत आले, तुमचेही आले, गॉर्डनला मी लांबून पाहिलं. कुणाला काही सापडलं नाही. समुद्राच्या बाजूनेही माणसं मैलोन्‌मैल जाऊन आली. तिथेही नाही.

आता वाट बघायला जागा उरली नाही. पाद्रीबाबांना सांगितलंय, घ्या तुमची सभा. मी येईन, बसेन, गाणार नाही. मिसेस लॅमॉन्टना सांग, क्लेमबद्दल एकच ओळ घाला: क्लेमेंट पॅस्को, जाळी उचलायला गेला. "चिरनिद्रा" वगैरे घातलंत तर मी पुस्तक चुलीत घालीन.

मग हेमी आला, खांब काढला, त्यांचं जे म्हणायचं ते म्हटलं. आता राहिली ती रीत आमची, खोपट्यांची, हेमीच्या लोकांची नाही. पहिली जाळी ओढली की त्यातला पहिला मासा ज्या घरचा माणूस गेला त्या घरी द्यायचा. त्या घराने तो आधी खायचा. त्यांनी खाल्ला नाही तर बाकी कुणी खात नाही, विकतही नाही. कुणी ठरवलं कोण जाणे. ज्याने ठरवलं त्याच्या घरचं कुणी गेलं नसावं.

काल सकाळी सिड आला. मागे सगळे, पर्ल, पोरं. त्याच्या हातात एक चपटा मासा, धुतलेला, पानात गुंडाळलेला.

मी विचारलं, "हा पहिला?"

त्याने पान नीट दुमडलं.

"सिड, जाळीत पहिलं काय आलं?"

"काकी, हाच घ्या. कुणी काही म्हणणार नाही."

"पहिलं काय आलं?"

"वाम," तो म्हणाला. "मोठी आहे."

"मग ती आण."

पर्ल म्हणाली, "काकी, नको." मी म्हटलं, "उद्या मासळीवाल्याला काय विकणार आहात, पावटे? आण."

आणली. माझ्या हाताएवढी जाड होती, चांगली पोसलेली. मी सोलली, तुकडे केले, मीठ लावलं, तव्यावर टाकली. दार उघडं ठेवलं, सगळ्यांना दिसावं म्हणून. कुणी आत आलं नाही, कुणी गेलं नाही. मी टेबलाशी बसले आणि खाल्ली. अर्धी नाही, सगळी. वेळ लागला. चव विचारायची तुझी हिंमत होणार नाही, म्हणून सांगून टाकते, वामेसारखीच होती.

काटे ताटलीत घेऊन बाहेर आले आणि गोट्यांवर टाकले.

सिड म्हणाला, "झालं, काकी?"

मी म्हटलं, "झालं. उभे काय राहिलात? जाळी टाका."

थर्झा